आपण म्हणजे कोण?

माझं आडनाव पगार. कळवण तालुक्यातल्या आमच्या गावात निम्मी वस्ती पगारांचीच आहे, त्यामुळे तिथे कुणाला हसू येत नाही. अंबडच्या कारखान्यात मात्र मी गेटमधून आत आलो की कोणीतरी "पगार आला का रे?" म्हणतो आणि दुसरा कोणीतरी "आला, पण कमीच दिसतोय" म्हणतो. मी उंचीला जरा कमी आहे. हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला तो जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं आणि मला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसावं लागतं. इतकी वर्षं हसण्याचं हे जादा काम मी फुकट करत आलो आहे.

तर अशा या पगारला कंपनीने डिस्पॅचचा मॅनेजर केलं. आमच्याकडे विजेची पॅनेलं तयार होतात. ती खोक्यांत भरून, लेबलं लावून, ट्रकमध्ये चढवून गिऱ्हाइकाकडे धाडायची हे डिस्पॅचचं काम. कारखान्याचे प्रमुख कर्णिक साहेब. अत्यंत शुद्ध बोलणारे गृहस्थ. कुणालाही अरे-तुरे करत नाहीत. चहावाल्यालासुद्धा "आपण साखर जरा बेतानं घालावी" असं सांगतात, आणि तो बिचारा मागे वळून बघतो. ते मला म्हणाले, "पगार, आपण दिवाळीपर्यंत हा विभाग सांभाळावा. जमलं तर कायम करू."

'जमलं तर' हे दोन शब्द घरी पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळाले असावेत. कारण मोहिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच आठवड्यात दारावर पितळी पाटी लावली : 'किशोर पगार, मॅनेजर'. शेजारचे बागूलकाका तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "पितळी कशाला? पुठ्ठ्याची लावायची. दिवाळीनंतर बघितलं असतं." आता मात्र पाटीच्या इभ्रतीचा प्रश्न होता. ती दिवाळीपर्यंत टिकवायची होती, एवढंच माझं त्या वर्षातलं ध्येय.

नव्या मॅनेजर लोकांना कंपनी ट्रेनिंगला पाठवते. एचआरची वेदिका आम्हाला गंगापूर रोडने पार धरणाकडच्या एका रिसॉर्टवर घेऊन गेली. तिथे पुण्याहून आलेल्या एका जाकीटवाल्याने आमचे डोळे बांधून आम्हाला एकमेकांच्या अंगावर पडायला लावलं. यातून विश्वास वाढतो म्हणे. माझ्या अंगावर अकाउंट्सचे जाधव पडले, तेव्हापासून माझा त्यांच्यावरचा होता तोही विश्वास गेला. मग जेवणाआधी जाकीटवाल्याने खरा मंत्र दिला. तो म्हणाला, "बॉस म्हणतो 'मी'. मुकादम म्हणतो 'तू'. आणि लीडर म्हणतो... 'आपण'!" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने तो शब्द आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मागे स्वयंपाकघरातून आचारीही ओरडला, "आपण वाढायला घ्यायचं का?"

खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'आपण' म्हणजे काय हे पुण्याहून माणूस आणून शिकवावं लागत नाही. आमच्या घरात "आपण पंखे पुसायला हवेत" याचा अर्थ स्टुलावर मी चढायचं असा होतो. "आपण दळण आणलं पाहिजे" म्हणजे डबा माझ्या हातात. "आपण जरा कमी खायला पाहिजे" यातही मोहिनी येत नाही. पण माणूस ट्रेनिंगला गेला की घरी शिकलेलं विसरतो. मी मंत्र खिशात घालून डिस्पॅचला आलो.

माझ्या हाताखाली तिघं होती. धोंडीराम हा घोटीकडचा, सगळ्यांत जुना, पॅकिंग बघणारा. समाधान लासलगावजवळच्या खेड्यातला, कंत्राटी, माल चढवणारा-उतरवणारा. आणि पूजा कॉम्प्युटरवर. चलनं आणि लेबलं ती काढायची. पहिल्याच सकाळी मी हसतमुखाने म्हणालो, "धोंडीराम, आपण ही खोकी तिकडच्या भिंतीला लावू या."

धोंडीरामने खोक्याची एक बाजू धरली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमची बाजू धरा की साहेब."

आता काय करणार? मंत्र नुकताच उच्चारला होता, तो लगेच मागे घेणं बरं दिसलं नसतं. मी बाजू धरली. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट असतं. कमरेत काहीतरी कट्ट झालं. पुढचे कितीतरी दिवस मी नेतृत्व डाव्या अंगावर कलून केलं, आणि आमच्या विभागातल्या खोक्यांनासुद्धा बामाचा वास येऊ लागला.

संध्याकाळी बागूलकाका कमरेची चौकशी करायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा प्रयोगच चुकला. 'आपण करू' हा कर्तरी प्रयोग झाला. त्यात कर्ता सापडतो. मी सगळी नोकरी कर्मणीत काढली. 'सदर खोकी हलविण्यात यावीत.' कोणी? ते लिहायचंच नाही. खोकी हलली तर ठीक, न हलली तरी आपली पेन्शन कुठे जाते?" मी म्हटलं, काका, हे नेतृत्व नाही. काका म्हणाले, "नाहीच. ही नोकरी आहे." मला त्यांची कीव आली. आज तेवढीच स्वतःची येते.

पण माझा उत्साह दांडगा. मला वाटलं, मंत्र तोंडी आहे म्हणून असा गोंधळ होतो, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. त्यातच उन्हाळ्यात आमच्या विभागाने एका महिन्यात इतका माल धाडला की कर्णिक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून गुच्छ दिला. तो गुच्छ मी घरी नेला. आता गुच्छ एकच होता, त्याला मी काय करणार? फुलं सोडवून वाटत बसायला तो काही प्रसाद नव्हता. पण त्या आनंदात ठरवून टाकलं, विभागात फ्लेक्स लावायचा : 'यश आपलं! चूक आपली!' खाली बारीक अक्षरात माझं नाव.

भिंतीला चार खिळे मारायचे, एवढंच काम होतं. अॅडमिन म्हणाले, भिंत मेंटेनन्सची. मेंटेनन्स म्हणाले, भिंत आमची पण त्यावरचा मजकूर एचआरचा. वेदिका म्हणाली, मजकूर छान आहे सर, पण सेफ्टीची सही हवी. सेफ्टीवाल्याने फ्लेक्स पेटतो का असं विचारलं. मी म्हटलं, पेटवला तर पेटेल. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काडेपेटी खिशात घेऊनच फिरतो. पर्चेसने तीन दुकानांची कोटेशनं मागितली. शेवटी सगळे एका अटीवर तयार झाले : फ्लेक्स विभागात आत लावायचा नाही, बाहेर गेटसमोर लावायचा. तिथली भिंत कोणाचीच नव्हती.

फ्लेक्सवाला सिडकोतला, वाढदिवसाच्या बॅनरांत मुरलेला. फोटो नसलेला बॅनर त्याच्या हातून सुटतच नाही. "साहेब, नुसती अक्षरं बघायला कोण थांबतं?" असं म्हणून त्याने माझ्या मोबाइलमधला भाचीच्या लग्नातला फोटो घेतला. फेटा, हात जोडलेले. खाली टिकलीएवढ्या गोलांत धोंडीराम, समाधान आणि पूजा. पूजाचा फोटो न मिळाल्यामुळे तिथे त्याने कमळाचं फूल टाकलं. आणि माझं नाव बारीक लिही असं सांगितलं होतं, तर त्याने 'किशोर' गाळून आडनाव तेवढं ठळक लाल अक्षरांत घेतलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला येणाऱ्या अख्ख्या कारखान्याने गेटसमोर वाचलं :

यश आपलं! चूक आपली! पगार

दहा मिनिटांत तिथे ही गर्दी. चूक झाली तर पगार कापणार, असा नवा नियम निघाल्याची बातमी वेल्डिंगपासून कँटीनपर्यंत गेली. युनियनचे लोक आले. मी फेट्यातल्या फोटोकडे बोट दाखवून "अहो, पगार म्हणजे मी, मी पगार" असं ओरडत होतो, तर मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, कापायला साहेब स्वतः उभे राहिलेत." बामाचा वास सोडला तर त्या दिवशी माझ्याजवळ कोणी फिरकलं नाही.

युनियनला समजावेपर्यंत कर्णिक साहेब गिऱ्हाइकांना घेऊन गेटवर आले. पाहुण्यांतल्या एका वयस्कर बाईंनी फ्लेक्स मोठ्याने वाचला आणि साहेबांना विचारलं, "म्हणजे माल बिघडला तर चूक आमची का?" साहेब हसले. साहेब असे हसतात तेव्हा त्यांचे फक्त दात हसतात. मला म्हणाले, "आपण हा फलक उतरवावा." मी फलक उतरवून विभागाच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवला आणि अजूनही मला काहीच कळलं नव्हतं.

हे सगळं माफक होतं. माझ्या पाटीला खरा धक्का गणपतीनंतर बसला. दोन मोठ्या ऑर्डरी एकाच दिवशी निघायच्या होत्या, एक नागपूरला आणि एक नांदेडला. ट्रक दाराशी लागले. मी सगळ्यांना गोल उभं केलं, कारण ट्रेनिंगमध्ये गोलाचं फार महत्त्व सांगितलं होतं, आणि म्हणालो, "लेबलं आपण एकदा परत बघून घेऊ या."

तिघंही "हो साहेब" म्हणाले. काय सुंदर एकजूट होती ती. मला जाकीटवाल्याला फोन करून सांगावंसं वाटलं.

नागपूरचा माल नांदेडला पोचला आणि नांदेडचा नागपूरला. नांदेडला दवाखान्याचं उद्घाटन होतं, तिथे मंत्री येणार होते आणि पॅनेल आलं होतं साखर कारखान्याचं. नंतर चौकशीत कळलं ते असं : पूजाला वाटलं, बघून घेणं हे धोंडीरामचं काम. धोंडीरामला वाटलं, लेबलं पूजाची, तर तीच बघंल. आणि समाधान म्हणाला, "साहेबच म्हणले 'आपण बघून घेऊ'. म्हणलं साहेब बघणार असतील. मागं खोकं नव्हतं का त्यांनी उचललं!"

कर्णिक साहेबांनी आम्हाला चौघांना केबिनमध्ये बोलावलं. वेदिका लॅपटॉप उघडून बसली होती. त्या केबिनमध्ये मी गुच्छ घेतला होता, त्याच जागी उभा राहिलो. दिवाळी तोंडावर आली होती. मनात पितळी पाटी लखलखत होती.

"ही चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

मी छाती पुढे काढली. लीडरचा क्षण हाच. "साहेब, चूक आपली आहे."

साहेबांनी हळूच चष्मा काढला. "माझी?"

"नाही नाही! आपली म्हणजे... आपल्या सगळ्यांची."

"म्हणजे त्यात मी आलोच."

"आपण नाही साहेब," मी त्यांच्याकडे हात केला आणि मग तोच हात आमच्या चौघांवरून फिरवला. "आपण!"

साहेबांनी वेदिकाकडे बघितलं. वेदिका म्हणाली, "सर, नावं सांगा ना. सिस्टीममध्ये 'आपण' असं टाकता येत नाही. नाव टाकलं की पुढची कारवाई आपोआप होते."

"टाका," मी म्हणालो. "किशोर पगार, धोंडीराम, समाधान, पूजा. आम्ही टीम आहोत. यश आपलं, चूक आपली." खोटं सांगत नाही. मला त्या वेळी त्या तिघांबद्दल भावांबहिणींसारखं वाटत होतं, आणि त्यांनाही माझ्याबद्दल तसंच वाटत असेल याची मला बालंबाल खात्री होती.

साहेब धोंडीरामकडे वळले. "काय धोंडीराम, चूक सगळ्यांची आहे?"

धोंडीरामने एकदा समाधानकडे बघितलं. समाधान जमिनीकडे बघत होता. मग धोंडीराम म्हणाला, "आम्ही नाय साहेब."

बस्स. तीन शब्द.

इंग्रजीत अशी सोय नसते म्हणतात, पण आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात धरलेला असतो. 'आम्ही' म्हटलं की समोरचा दाराबाहेर. मी सहा महिने 'आपण, आपण' करत त्यांच्या घरात पाट मांडून बसलो होतो, आणि ते लोक आतून 'आम्ही'ची कडी लावून जेवत होते.

"म्हणजे काय?" मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. "अरे, आपण एकत्र..."

"सर," पूजा म्हणाली. ती कधी मोठ्याने बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. "मे महिन्यात गुच्छ घ्यायला तुम्ही एकटेच आला होतात. आणि फ्लेक्सवर माझ्या जागी फूल होतं."

"फोटो नव्हता तुझा!"

"मागितला नव्हता."

वेदिकाने काहीतरी टाइप केलं. किती वेळ टाइप करत होती कोण जाणे. समाधान कंत्राटी होता. त्याचं नाव त्या सिस्टीममध्ये गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं असतं, आणि धोंडीरामने ते टाळलं होतं. हे मला पुष्कळ नंतर समजलं. समजून बरं वाटलं असं नाही. मला राग आला होता आणि तो अजून आहे. माणसाने जीव तोडून एक शब्द शिकावा आणि त्याच शब्दाने त्याला बाहेर काढावं, यात कसला न्याय?

साहेबांनी चष्मा परत लावला. अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. पगार, आपण आता स्टोअर्स बघावं."

आशा म्हणजे किती चिवट असते बघा. मी विचारलं, "आपण म्हणजे... सगळ्यांनी?"

"आपण म्हणजे तुम्ही," साहेब म्हणाले.

स्टोअर्स आमच्याकडे कारखान्याच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडशेजारी आहे. तिथे माझ्या हाताखाली कोणी नाही. नटबोल्ट आहेत, त्यांना कुठल्याही नावाने हाक मारली तरी चालतं. डिस्पॅचला माझ्या जागी महेश नावाचा एक पोरगेलासा माणूस आला. ट्रेनिंग-बिनिंग काही नाही. तो सकाळी आला की दारातूनच ओरडतो, "ए समाध्या, ते खोकं उचल! पूजा, लेबलं तू बघ, चुकलीस तर तुझी खैर नाही!" आणि माल बरोबर जातो. धोंडीराम त्याच्याबरोबर डबा खातो. मी हे खिडकीतून बघतो. न बघायचं ठरवतो आणि बघतो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी डिस्पॅचला चक्कर टाकली. काम काही नव्हतं. माझा फ्लेक्स तिथे कोपऱ्यात राहिला होता, तो घेऊन यावा म्हटलं. कोपरा रिकामा होता. महेशला विचारलं, त्याने खांदे उडवले. पूजा कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली. तेवढ्यात समाधान पुढे आला, छातीवर थाप मारली आणि म्हणाला, "आपण नेला साहेब!"

"कोणी?"

"आपणच! लासलगावला. पाऊस बेभरवशाचा, आमच्या कांद्याच्या चाळीवर टाकला. लय मजबूत कापड हाय. तुमचा फोटो वरच्या अंगाला ठेवलाय, काळजी नका करू."

त्या साऱ्या प्रकरणात 'आपण म्हणजे मी' असं छाती ठोकून म्हणणारा माणूस मला भेटला तो हा एवढाच. आणि त्याने उचललेली जबाबदारी ती ही. मी "बरं केलंस" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? निघताना कांदे चांगले राहिलेत ना, तेही विचारलं. राहिले होते. माझ्या नेतृत्वाखाली चांगलं राहिलेलं तेवढंच.

घरी आलो तर दारावर पितळी पाटी नव्हती. चार भोकं तेवढी होती. बागूलकाका जिन्यात उभे होते. त्यांनी भोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते; पण म्हाताऱ्याला दया आली असावी. "सदर पाटी काढण्यात आली," एवढंच पुटपुटले आणि आत गेले.

मोहिनी स्वयंपाकघरात होती. वृत्तपत्राच्या कागदात गुंडाळलेलं पाटीएवढं काहीतरी माळ्यावर दिसत होतं. मी खुर्चीत बसलो. पाणी प्यायलो. मग आतून तिचा आवाज आला.

"अहो, फराळाला आपण भाजणी दळून आणायची राहिलीय."

मी उठलो आणि डबा घेतला. या घरात तरी 'आपण' म्हणजे कोण, याची चौकशी करावी लागत नाही.